पट क्रमांक चौदाचे पालक

१

वहीत छप्पन्न नंबरच्या पानासमोर एकोणसाठ नंबरचं पान होतं. मधलं एक पान कोणीतरी कापून नेलं होतं.

एकतीस वर्षं मी ग्रंथपाल होते. पान फाडणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात दयामाया नाही. रिकाम्या शाळेत मी मोठ्याने दोन शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही. मग पुढच्या पानावर पेन्सिल हलकेच फिरवून पाहिली, रहस्यकथांतले लोक करतात तशी. माझी बोटं तेवढी काळी झाली.

शाळेच्या पालक-शिक्षक संघाला पन्नास वर्षं होत होती. "ताई, तुम्ही निवृत्त आहात, वाचायची सवय आहे, संघाचा इतिहास तुम्हीच लिहा," असं म्हणत मुख्याध्यापिकेने सभांच्या चार वह्या आणि एक कच्चा मसुदा माझ्या गळ्यात मारला होता. मला भावाच्या गावी राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी वर्गातल्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी बसून वाचत असे. कपाटातली पुस्तकं जुनीपुराणी, पण त्यांची शिवण इतकी चांगली की पहिल्या दिवशी मी ती उगाच हातात घेऊन पाहिली होती.

या संघाची एक पद्धत होती. वहीत कोणाचंही नाव लिहायचं नाही. नाव आलं की मोठं घर, धाकटं घर सुरू होतं, असं स्थापना करणाऱ्यांना वाटलं असावं. म्हणून पालकांची ओळख मुलाच्या पटावरच्या नंबराने. सभेची हकीकत लिहायची पाळीसुद्धा त्याच नंबराने फिरायची. ज्याने लिहिलं त्यानेच पुढच्या सभेत उभं राहून ते वाचायचं, सगळ्यांनी हात वर करायचे, मग ते 'कायम' व्हायचं.

एकोणसाठ नंबरच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, 'मागील महिन्यात सभा झाली नाही, त्यामुळे वाचन नाही.' साल सत्तावीस वर्षांपूर्वीचं. त्या सालाबद्दल मसुद्यातही एक ओळ होती, 'शिपायाच्या हलगर्जीपणामुळे ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पडून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला व त्यानंतर संघाने पक्का पूल बांधून घेतला.'

दारात कोणीतरी उभं होतं. आरोग्य केंद्रातली नर्स, कामाच्याच कपड्यांत.

"ताई, ते वाक्य तसंच छापणार आहात का?"

"कोणतं?"

"माझ्या बाबांचं."

२

शुक्रवारी सुवर्णमहोत्सवी सभा होती. तिथे इतिहास वाचायचा, हात वर करून मंजूर करायचा आणि शनिवारी छापायला द्यायचा. आज मंगळवार.

"तुमचं म्हणणं, ते खोटं आहे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," नर्स म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. तेव्हापासून मी झोपाळू शिपायाची पोरगी. बाबा घरी कधी दुपारीसुद्धा आडवे झाले नाहीत, ताई. तो माणूस कामावर झोपला? मी विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. आता त्यांचं काही खरं नाही, हृदय थकलंय. मी नर्स आहे, मला कळतं. ते गेल्यावर त्यांचं म्हणून हेच एक वाक्य मागे राहणार का?"

मला आधीच्या पेन्सिलच्या खेळाची लाज वाटली.

तिचे बाबा, शिपाईमामा, घरच्या अंगणात बसले होते. त्यांनी मला बसायला दोन दगडांवर टाकलेली एक फळी दाखवली. फळी चांगली जाड होती, रंधा मारलेली, पण बाकाला फारच आखूड. दोन माणसं बसली तर एकाला पडावं लागेल अशी.

"तुमचा भाऊ पट क्रमांक एकतीस," ते मला पाहून म्हणाले. "डावखुरा. उजव्या हातानं लिही म्हटलं की रडायचा."

माझा भाऊ लहानपणी इथे आजोळी राहून शिकला होता; आता तो साठीला आला होता. मामांना पंचवीस वर्षांच्या नोकरीतली सगळी मुलं अशीच पाठ होती, नंबर आणि खोड्यांसकट. मी मुद्दाम चार-पाच नंबर विचारले. एकही चुकला नाही.

मग मी अपघाताचा विषय काढला. शाळा सुटताना मामांनी साकवावर उभं राहून मुलांना पलीकडे सोडायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं.

"त्या दिवशी घंटा दिली आणि खोलीत टेकलो. डुलकी लागली," ते म्हणाले. पाढा म्हणावा तसं म्हणाले.

"मामा, सभेच्या वहीतलं एक पान कापलंय."

"आम्ही पाणी देणारी माणसं ताई, वहीतलं काय कळणार? आणि त्या महिन्यात सभा झालीच नाही."

कोणत्या महिन्याचं पान, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

३

तेव्हाचे मुख्याध्यापक, मोठे गुरुजी, अजून ताठ बसत होते. कान नीट होते, चष्मा नीट होता, फक्त माझा प्रश्न त्यांना नीट ऐकू येत नव्हता.

"वहीत लिहिलंय ना, सभा झाली नाही म्हणून? मग झाली नाही."

"गुरुजी, पान बावन्नवर बारा नंबरच्या पालकांनी लिहिलंय. पंचावन्नवर तेरा. एकोणसाठवर एकदम पंधरा. चौदा कुठे गेला?"

त्यांनी चष्मा काढला. "चौदा नंबरची मुलगी तोवर साकवावरून... गेली होती. तिच्या आईला लिहायला लावायचं होतं का? पुढचा नंबर घेतला."

उत्तर बरोबर होतं. पण एकतीस वर्षं मी नोंदीच वाचल्या आहेत.

"नऊ नंबरचं कुटुंब गाव सोडून गेलं तेव्हा तुम्ही लिहून घेतलंत, 'क्रमांक नऊने शाळा सोडली, सबब दहाने लिहिले.' बावीस नंबरचे वडील आजारी होते, तेही लिहिलंय. पाळी चुकली की कारण लिहायचं, हा तुमचाच नियम. चौदाची पाळी चुकल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. कारण ती चुकलीच नव्हती. सभा अपघाताच्या आधी झाली आणि मुलीच्या आईने ती लिहिली."

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"अपघातानंतर तीन आठवड्यांनी सभा भरली," शेवटी ते म्हणाले. "ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. वाचायला उभी राहिली, वही उघडली. पान नव्हतं. ती तशीच उभी. मला काही सुचेना. मी म्हणालो, गेल्या महिन्यात सभा झाली नव्हती. सगळ्यांनी हात वर केले."

"खोट्याला?"

"तिला खाली बसता यावं म्हणून, ताई."

"आणि शिपाई?"

"त्यानं स्वतः सांगितलं होतं, डुलकी लागली म्हणून. मी काय करणार?" त्यांचा ताठपणा एकदम गेला. "पान कोणी कापलं ते मी विचारलं नाही. तिनंच कापलं असेल असं वाटलं. त्यात काय होतं ते तिलाच विचारा. तुमची जीभ उचलत असेल तर."

४

चौदा नंबरची आई म्हणजे शिवणकाकू; त्यांना सगळं गाव ओळखायचं. शाळेचे गणवेश त्या शिवायच्या. पक्क्या पुलासाठी दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे त्यांनी झिजवले होते. आणि रोज शाळा सुटायच्या वेळी मशीन थांबवून त्या पुलावर जाऊन उभ्या राहायच्या. पूल सिमेंटचा आहे, कठडे छातीइतके उंच आहेत, तरी उभ्या राहायच्या.

बुधवारी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवटचं मूल पलीकडे जाईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

"सभा झाली होती," मग त्या म्हणाल्या. "मीच लिहिलं होतं. मला शब्द न् शब्द पाठ आहे."

"पान कोणी कापलं?"

"गुरुजींनी. संघाचं नाव राखायला."

"गुरुजींना वाटतं तुम्ही."

त्या चमकल्या. "मी? मी वाचायला उभी राहिले होते, ताई. मला वाचायचं होतं. लोकांनी मला बोलायला हवं होतं. कोणी बोललंच नाही. सगळे माझ्याशी इतके चांगले वागले, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"काय लिहिलं होतं?"

त्यांनी मान हलवली.

"शिपाईमामांशी कधी बोललात?"

"कुठल्या तोंडानं बोलू?" त्या म्हणाल्या आणि निघाल्या. मला वाटलं होतं त्यांचा मामांवर राग असेल. त्या वाक्यात राग नव्हता, नुसती शरम होती.

मी शाळेत परत जाऊन वही खिडकीत धरली. शिवलेल्या वहीत पानं जोडीने असतात. दुमडलेल्या कागदाचा एक अर्धा पुढे येतो, एक अर्धा मागे. पुढचा कापला की मागचा सुटून हातात येतो. फाडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून तर ते सापडतात. इथे मात्र मागचा सुटलेला अर्धा कोणीतरी पुन्हा शिवून ठेवला होता. वही खराब होऊ नये एवढी काळजी त्या चोराला होती.

शिवण म्हटल्यावर मनात काकू आल्याच. पण धागा त्यांचा नव्हता. जाड, मेण लावलेला दोरा, आणि शेवटी दुहेरी पीळ देऊन दाबून चपटी केलेली गाठ. ही गाठ मी पाहिली होती. कुठे ते आठवायला मला मान वळवण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. शेजारचं कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांच्या पोटात तीच चपटी गाठ.

मुख्याध्यापिका वर्गात डोकावली. मी विचारलं, "ही पुस्तकं कोण शिवायचं?"

"आता कोणी नाही. पूर्वी जुने शिपाईमामा सुट्टीत शिवत बसायचे म्हणे."

५

आता सांगा, काकूंच्या शरमेवरून तर वाटत होतं की त्या पानाने मामा निर्दोष ठरले असते; मग ते पान त्यांनीच का कापावं? रात्रभर मला याचं उत्तर मिळालं नाही. सकाळी ती आखूड फळी आठवली आणि मी सुताराकडे गेले.

सुतार माझ्याच वयाचा. फळीचं नाव काढताच त्याने हातातला रंधा खाली ठेवला.

"त्या दिवशी घंटा देऊन मामा पळत आला. एका सुतळीला गाठ मारून माप आणलेलं. म्हणाला, फळी दे, आत्ता, असेल तशी. मी म्हटलं, अरे, पोरांच्या पायात कुसळं जातील, रंधा मारून देतो, दहा मिनिटं थांब." त्याने रंध्याकडे बघितलं. "दहा मिनिटं मी रंधा मारला, ताई. मामानं मला शपथ घातली, कोणाला सांगू नकोस. मला स्वतःलाच सांगायचं नव्हतं."

मामांच्या अंगणात पोहोचले तेव्हा नर्स कामावर निघत होती. मी तिला थांबायला सांगितलं. फळीवर न बसता फळीकडे बोट दाखवलं, "ही साकवाची." मग वही उघडून गाठ दाखवली, "ही तुमची."

मामा वहीकडे पाहत राहिले. मग आत गेले आणि एका जुन्या पुठ्ठ्यात ठेवलेलं पान घेऊन आले. "फाडून टाकायला हात धजला नाही. शाळेचा कागद."

पान सत्तावन्न. सरळ, नेटकं अक्षर. पाणी द्यायला आलेल्या शिपायाने बोलायची परवानगी मागितली. साकवाची तिसरी फळी हलते, एका विद्यार्थिनीने ती पायाने दाबून दाखवली, सबब साकव बंद करावा. त्यावर पट क्रमांक चौदाच्या पालकांनी, म्हणजे लिहिणारीने, विरोध केला. रस्त्याने गेल्यास वाट तासाभराने वाढेल, आणि वाट वाढली की घरचे आधी मुलींचीच शाळा सोडवतात. परीक्षेनंतर पाहावे. सर्वानुमते मंजूर.

"तिचं काय चुकलं सांगा," मामा म्हणाले. "मुलींच्या शाळेसाठीच बोलली ती. आणि चार दिवसांनी तीच फळी... तुम्हाला आमची पद्धत माहीत आहे. ज्यानं लिहिलं त्यानं उभं राहून वाचायचं. मला ते ऐकवलं नसतं. म्हणून कापलं."

"आणि डुलकी?"

"कुठं होतास म्हणून विचारलं असतं. सुताराकडे. कशाला? फळीला. फळीचं तुला काय माहीत? मग सभा आलीच की. त्यापेक्षा झोपलो होतो म्हटलेलं सोपं."

"बाबा," नर्स म्हणाली.

"तुला शाळेत चिडवतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ," ते तिला म्हणाले. "तेवढं माझं चुकलं. फार चुकलं." सत्तावीस वर्षांत तिने ऐकलेली ही पहिली खरी कबुली. ती फळीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. माझेही डोळे भरून आले, ते लपवायला मी पान पुन्हा वाचायला घेतलं.

तेव्हा ते शब्द मला अडले.

"मामा, ही एक विद्यार्थिनी म्हणजे कोण?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चौदा नंबरची," ते म्हणाले. "माझा हात धरून घेऊन गेली. मामा, बघा ना, ही नाचते. म्हणाली, आईला सांगू नका, ती मला साकवावरून येऊच देणार नाही."

६

पान छापायचं की जाळायचं, हे ठरवायचा हक्क मामांचा नाही आणि माझाही नाही, असं मी त्यांना सांगितलं. ज्याचं लिखाण त्याचा हक्क. ते कबूल झाले, एका अटीवर. चौदा नंबरचं मी काकूंना सांगायचं नाही.

गुरुवारी दुपारी काकूंच्या मशीनवर मी पान ठेवलं आणि वहीतली गाठ दाखवली. त्या गाठीवरून त्यांनी बोट फिरवलं. सुई-दोऱ्यात आयुष्य गेलेली बाई, माझ्या तोंडून काही ऐकायच्या आधीच तिला समजलं.

"त्यांनी? माझ्यासाठी?" आणि मग, "मला माहीत होतं ताई, त्यांनी सांगितलं होतं सभेत. ते झोपणारे नव्हेत हेही माहीत होतं. त्यांना काढलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. लेक गेलेल्या बाईला कोणी विचारत नाही, त्याचा मी फायदा घेतला." त्यांनी पान माझ्या हातात दिलं. "वहीत शिवून द्या. वाचायची माझी पाळी राहिली आहे."

मी मेणाचा दोरा घेतला आणि मामांसारखी गाठ मारायचा प्रयत्न केला. जमली नाही, पण टिकली.

शुक्रवारी वर्ग भरला होता. मोठे गुरुजी पहिल्या बाकावर, सुतार खिडकीशी, मामा लेकीच्या आधाराने मागच्या बाकावर. काकू उभ्या राहिल्या. सगळं वाचलं, 'विरोध केला' या शब्दांपाशी न अडखळता वाचलं. मग वही मिटून, मामा त्या दिवशी कुठे होते आणि पान कोणी, का कापलं तेही सांगितलं.

"मंजूर असेल तर हात वर करा. मामा, तुम्हीसुद्धा."

शिपायाला संघात मत नव्हतं. मामांनी लेकीकडे पाहिलं, तिने त्यांचा हात धरून वर केला. गुरुजींचा हात वर गेला तो खाली यायला विसरला. मी मसुद्यातली ती ओळ खोडली.

काकू मात्र बसल्या नाहीत.

"मामा, एक विचारू? ही विद्यार्थिनी कोण होती? मीच लिहिलंय, पण तेव्हा विचारायचं राहिलं."

पंचवीस वर्षांचा पट पाठ असलेला तो माणूस जागचा उठला. एवढं खरं बाहेर आल्यावर त्याला पुन्हा खोटं बोलावं लागणार होतं, आणि मी खाली मान घातली.

"आता नाही आठवत वहिनी," मामा म्हणाले. "धाकट्या वर्गातली कोणीतरी होती. म्हातारा झालो."

काकूंनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

त्या दिवशी हकीकत लिहायची पाळी मला दिली होती. मी लिहिलं, 'विद्यार्थिनी कोण ते शिपाईमामांना आठवले नाही.' पुढच्या महिन्यात मी उभी राहून ते वाचलं. मामांचा बाक तेव्हा रिकामा होता, ते जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यानंतर सहा वर्षं काकू पुलावर उभ्या राहत होत्या. आता त्याही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी वाचून झाल्यावर मी विचारलं, "कायम करायचं?" एकेक हात वर झाला. सगळ्यांत शेवटी काकूंनी हात वर केला.

त्यांना कळलं होतं.